आधी फूल बघा, मग पीक निवडा

पॉलिटनेलमध्ये, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या शेतीच्या बोगद्यात, उन्हाळ्यात काय लावायचं, असं कुणी विचारलं की बहुतेक वेळा उत्तर त्याच्या मनात आधीच ठरलेलं असतं: टोमॅटो. ऊब आवडणारं पीक आहे, बोगद्यात ऊब जास्त, म्हणजे फळंही जास्त. पुढे काय होतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. झाडं छातीपर्यंत वाढतात, पानं हिरवीगार असतात, फुलांचे घोस लागतात आणि फळधारणा होत नाही. देठाच्या सांध्यापासून फुलं टपाटप गळतात. मग खतं वाढवली जातात, टॉनिकच्या फवारण्या सुरू होतात. त्या झाडाला अन्न कमी पडलेलं नसतं, त्याचे परागकण मेलेले असतात.

बोगदा तापतो कशामुळे, हे आधी बघू. प्लास्टिक किंवा काच उष्णतेचे अवरक्त किरण कोंडून ठेवते, असं आपण शाळेत शिकलो. 1909 मध्ये रॉबर्ट वुड या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने एका खोक्यावर काच बसवली आणि दुसऱ्यावर अवरक्त किरण आरपार जाऊ देणारी सैंधवाच्या स्फटिकाची पट्टी. दोन्ही खोकी जवळपास सारखीच तापली. मुख्य कारण साधं होतं: तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नव्हती. म्हणून टोकाची दारं आणि बाजूचे पडदे उघडले की बोगदा निवतो. पण वारा पडलेल्या दुपारी पडदे उघडूनही आतली हवा बाहेरपेक्षा गरमच राहते, आणि पीक निवडायचं ते त्या दुपारचा विचार करून.

टोमॅटोच्या परागकणाची गोष्ट मला फार आवडते. कळी लहान असतानाच परागकोषात त्याची घडण सुरू होते. कोषाच्या आतल्या बाजूला टॅपेटम नावाचा पेशींचा थर असतो, तो या कणांना भरवतो. कणात स्टार्च साठत जातो, फूल उमलण्याच्या सुमारे तीन दिवस आधी तो सर्वाधिक असतो आणि मग त्याची साखर होते. कुक्षीवर, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकावर, पडल्यावर कणातून परागनळी फुटते ती याच शिदोरीवर. दिवसा 32 आणि रात्री 26 अंश सेल्सिअस अशी उष्णता टिकून राहिली, तर हा स्टार्च नीट साठतच नाही. सगळ्यात नाजूक काळ उमलण्याच्या साधारण आठ ते तेरा दिवस आधीचा. म्हणजे आज गळलेल्या फुलाचं कारण दोनेक आठवड्यांपूर्वीच्या हवेत शोधायला हवं.

सकाळी उमललेल्या टोमॅटोच्या फुलाखाली काळा कागद धरा आणि देठाला टिचकी मारा. चांगल्या दिवसांत कागदावर फिकट पिवळी भुकटी दिसते. कडक उन्हाच्या आठवड्यानंतर जेमतेम चार कण पडतात. टिचकी मारावी लागते, कारण परागकोष एकमेकांना चिकटून त्यांची नळी झालेली असते आणि पराग आतून झडतो. भुंगा फुलाला लटकून, पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवतो आणि तो पराग पाडतो. मधमाशीला हे जमत नाही. बोगद्याला जाळी असेल तर भुंगाही येत नाही, मग घोस आपणच हलवायचे. यावरूनच झाडांना संगीत ऐकवण्याचे सल्ले दिले जातात. त्यांच्यावर पैसे घालवू नका. स्पीकरच्या आवाजाने हवा हलते, पण पराग पाडण्याइतका हादरा फुलाला बसत नाही.

याच नजरेने बाकीची पिकं बघा. पार्थेनोकार्पिक काकडीला परागाची गरजच नाही. फळ बीजाशिवाय धरतं, म्हणून बंद बोगद्यात ती सर्वांत भरवशाची. तिला दमट हवा मानवते, आणि इथे आर्द्रतेचा नुसता टक्का फसवतो. 25 अंशाला 60 टक्के आर्द्रता असताना हवेला बाष्पाची तूट 1.27 किलोपास्कल असते, 35 अंशाला तेवढ्याच 60 टक्क्यांवर 2.25. टक्का तोच, पण पानातून पाणी ओढण्याची हवेची ताकद पावणेदोन पटीहून जास्त. म्हणून दुपारी काकडीच्या वाफ्यांमधल्या वाटा ओल्या करतात.

दुधी, दोडका यांची नर आणि मादी फुलं वेगळी असतात; खरबुजाच्या अनेक वाणांत नर फुलांसोबत द्विलिंगी फुलं येतात, पण पराग त्यांनाही पोचवावा लागतो. पराग वाहणारे कीटक आत येत नसतील तर रोज हाताने परागीभवन करावं लागेल, तेवढा वेळ असेल तरच ती लावा. ढोबळी मिरची गरम रात्रींत कळ्या टाकते. वांगं टोमॅटोपेक्षा जास्त उष्णता सोसतं, पण त्याचंही फूल हलवावंच लागतं. भेंडी उन्हाला दाद देत नाही, शिवाय तिचं परागीभवन बहुतांशी स्वतःच होतं.

टोमॅटोच हवा असेल तर उष्णतेत फळ धरणारा वाण घ्या आणि पहिले घोस कडक उन्हाच्या आधी लागतील अशी लागवड करा. लाट येऊन गेली आणि फुलं गळाली, तरी झाडं लगेच उपटू नका. त्यानंतर दोनेक आठवड्यांनी उमलणारी फुलं निवलेल्या हवेत घडलेली असतात. काळा कागद तेव्हा पुन्हा धरून बघा.