जास्त ताकदीची टर्बो गाडी: इंजिनाचे नियंत्रण आणि चाकांची पकड
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ट्यूनिंगसाठी गाडी देताना बहुतेक ग्राहक दोन प्रश्न विचारतात: एकूण किती हॉर्सपॉवर मिळेल आणि सोबत ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाकांची घसरण आवरणारी यंत्रणा, बसवता येईल का. या दोहोंच्या मधला तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. तो असा की ही ताकद कोणत्या गिअरमध्ये आणि किती झपाट्याने चाकांपर्यंत पोहोचणार आहे. रस्त्यावर चालणाऱ्या टर्बो गाडीच्या (जिच्या इंजिनात एक्झॉस्टच्या वायूंवर फिरणारा टर्बो जादा हवा दाबून भरतो) बाबतीत आम्ही सर्वांत जास्त वेळ याच प्रश्नावर घालवतो, आणि त्यामागचे कारण आपल्याला कळावे म्हणून हे पत्रक काढले आहे.

पकडीचा हिशेब

समजा, मागच्या चाकांवर चालणाऱ्या 1,500 किलो वजनाच्या गाडीचे इंजिन 600 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते. पहिल्या गिअरचे प्रमाण 3.5, डिफरन्शियलचे (चाकांना जोडणाऱ्या शेवटच्या दातेरी जोडीचे) प्रमाणही 3.5 आणि चाकाची त्रिज्या 32 सेंटीमीटर धरली, तर चाके रस्त्याला सुमारे 23,000 न्यूटन इतका रेटा देऊ पाहतात. वेग घेताना गाडीचे वजन मागे सरकते हे लक्षात घेऊनही अशा गाडीच्या मागच्या चाकांवर 1,000 किलोच्या आसपासच भार येतो. आणि रस्त्यासाठीच्या चांगल्या टायरची कोरड्या डांबरावरची पकड साधारणपणे त्या भाराइतकीच, म्हणजे 10,000 न्यूटनच्या जवळपास असते. पहिल्या गिअरमधली अर्ध्याहून अधिक ताकद अशा रीतीने केवळ टायर जाळण्याच्या कामी येते. तेच इंजिन, तोच टॉर्क, पण 1.5 प्रमाणाचा तिसरा गिअर घेतला की रेटा 9,800 न्यूटनवर उतरतो आणि पकडीच्या काठावर येऊन थांबतो. पावसात हा काठ बराच अलीकडे सरकतो, हे सांगायला नकोच.

म्हणून आम्ही प्रत्येक गिअरसाठी बूस्टची, म्हणजे टर्बोने दिलेल्या हवेच्या जादा दाबाची, वेगळी मर्यादा ठरवतो. पहिल्या दोन गिअरमध्ये वेस्टगेट (एक्झॉस्टचे वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) लवकर उघडून दाब कमी ठेवला जातो आणि पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढू दिला जातो. चाचणीच्या फेरीत काही ग्राहकांना गाडी सुरुवातीला थोडी मवाळ वाटते. घड्याळ लावून पाहिले की बहुधा तीच गाडी अधिक वेगाने निघालेली असते.

ईसीयू काय पाहतो, काय ठरवतो

इंजिनात किती हवा शिरली याचा अंदाज ईसीयू, म्हणजे इंजिनाचे नियंत्रण करणारा संगणक, मॅनिफोल्डमधला (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधला) दाब, हवेचे तापमान आणि इंजिनाच्या फेऱ्या यांवरून घेतो, किंवा वायुप्रवाह मोजणाऱ्या सेन्सरवरून घेतो. पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी त्याच्या 14.7 पट वजनाची हवा लागते. परंतु पूर्ण बूस्टवर मिश्रण मुद्दाम घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचे ठेवले जाते, कारण जादा पेट्रोलच्या बाष्पीभवनाने सिलिंडरमधली उष्णता आवरते. उष्णता हाच टर्बो इंजिनाचा खरा शत्रू आहे. 25 अंशांची हवा दीड बार बूस्टपर्यंत दाबली की कॉम्प्रेसरमधून (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागातून) बाहेर पडताना तिचे तापमान 150 अंशांच्या आसपास जाते. दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर ते पुष्कळ खाली आणतो, पण गाडी वाहतुकीत तिष्ठत उभी असताना त्याच्यावरून वारा वाहत नाही. हवा तापलेली असेल तर ईसीयूने बूस्ट कमी करावा आणि स्पार्क उशिरा द्यावा, अशी तजवीज आम्ही मॅपमध्ये, म्हणजे ईसीयूतल्या कोष्टकांमध्ये, करून ठेवतो. तसे केले नाही तर मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता स्वतःच पेट घेते, आणि या अवेळी पेटण्याचे, म्हणजे नॉकिंगचे, धक्के पिस्टन फार काळ सोसू शकत नाहीत. इंधनाचा दाब पडला, तेलाचा दाब कमी झाला किंवा एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या लॅम्ब्डा सेन्सरला मिश्रण अपेक्षेपेक्षा पातळ (कमी पेट्रोलचे) दिसले, तरीही बूस्ट आपोआप उतरतो. एखाद्या दिवशी गाडी अचानक ढिली वाटली, तर पेडल अधिक दाबून पाहू नये, ही विनंती.

ट्रॅक्शन कंट्रोलचे खरे काम

चाक गाडीच्या वेगापेक्षा किती जास्त फिरत आहे, यावर ट्रॅक्शन कंट्रोलचा सगळा खेळ चालतो. थोडी घसरण हवीच असते. कोरड्या रस्त्यावर टायरची सर्वाधिक पकड साधारणपणे 10 ते 20 टक्के घसरणीच्या दरम्यान मिळते. घसरण याच पट्ट्यात राखायची, तर इंजिनाचा टॉर्क अत्यंत लवकर कमी-जास्त करता आला पाहिजे, आणि टर्बो इंजिनाची अडचण नेमकी इथे येते. थ्रॉटल बंद केला तरी मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या घेणारा टर्बो काही लगेच थांबत नाही. आणि बूस्ट एकदा उतरला की चाकाला पकड परत मिळाल्यावरही तो भरून यायला वेळ लागतो. तेवढ्यात चालक वैतागून आणखी पेडल दाबतो, बूस्ट एकदम येतो आणि चाक पुन्हा सुटते.

याच्या उलट, मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर चालणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात दर 5 मिलिसेकंदांनी एक ठिणगी पडते, त्यामुळे ठिणगीची वेळ मागे सरकवून टॉर्क जवळपास तत्काळ उतरवता येतो. मात्र उशिरा पेटलेले मिश्रण एक्झॉस्टमध्ये जाताना अधिक गरम असते. ठिणगी पूर्णच तोडली तर न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन टर्बाइनच्या (टर्बोच्या एक्झॉस्टकडील चक्राच्या) तोंडाशी किंवा धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते आणि कन्व्हर्टरचे आयुष्य संपवते. यास्तव घसरण थोडी असेल तेव्हा आम्ही ठिणगी मागे घेतो, ती वाढली की एखाददुसऱ्या सिलिंडरचे इंधन आणि ठिणगी दोन्ही बंद ठेवतो, आणि घसरण लांबतच गेली तर मग थ्रॉटल व बूस्ट यांना हात घालतो. असेच एक्झॉस्टमध्ये पेट्रोल पेटवून सायलेन्सरमधून फटाक्यांसारखे आवाज यावेत, अशी मागणी अधूनमधून येते. रस्त्यावरच्या गाडीसाठी आम्ही ती नम्रपणे नाकारतो.

चाकांच्या सेन्सरलाही मर्यादा आहेत. चाकाचा वेग मोजण्यासाठी त्याच्यासोबत फिरणारी 48 दात्यांची रिंग आणि 2 मीटर परिघाचे चाक असेल, तर ताशी 5 किलोमीटर वेगाला सेकंदाला जेमतेम 33 स्पंदने मिळतात, म्हणजे दोन स्पंदनांच्या मध्ये सहा-सात ठिणग्या पडून गेलेल्या असतात. गाडी जागेवरून सुटतानाचा पहिला क्षण त्यामुळे ट्रॅक्शन कंट्रोलवर सोपवता येत नाही. तो फेऱ्यांच्या मर्यादेने आणि पेडलच्या मॅपने सांभाळावा लागतो. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत तर एकही चाक मोकळे (इंजिनाला न जोडलेले) नसल्याने गाडीचा खरा वेग कोणता, हेच ठरवणे कठीण जाते.

मूळ ईएसपीविषयी

एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) 1978 पासून आणि ईएसपी (घसरणारी गाडी ब्रेक व इंजिन यांच्या मदतीने सावरणारी यंत्रणा) 1995 पासून उत्पादनातल्या गाड्यांमध्ये आहे. चाक घसरले की ईएसपी ईसीयूकडे ठरावीक टॉर्क मागते, आणि ईसीयू स्वतःच्या हिशेबाप्रमाणे तो देतो. घाईघाईने केलेल्या ट्यूनिंगमध्ये मर्यादा ओलांडता यावी म्हणून ईसीयूला प्रत्यक्षापेक्षा कमी टॉर्क सांगायला लावले जाते. अशा गाडीत ईएसपीने 200 न्यूटन-मीटर मागितले तर इंजिन 300 देऊ शकते, आणि हे ओल्या वळणावरच उघड होते. आम्ही टॉर्कची कोष्टके खऱ्या मोजमापाशी जुळवून घेतो. या कामाला एक-दोन दिवस जास्त लागतात आणि ताकदीच्या आलेखावर त्याचा काहीही फरक दिसत नाही, तरीही ते आम्ही गाळत नाही.

टायर बदलल्यावर

मागच्या चाकाचा नवा टायर 6 मिलिमीटर घासला की त्याचा व्यास 12 मिलिमीटरने, म्हणजे जवळपास 2 टक्क्यांनी घटतो, आणि तितकी घसरण ईसीयूला चाक सुटलेले नसतानाही दिसू लागते. केवळ मागची जोडी बदलली तर चूक उलट्या दिशेने होते, आणि खरी घसरण ईसीयूला कमी वाटते. म्हणून टायर बदलल्यावर, वेगळ्या मापाचे असोत वा त्याच मापाचे, गाडी एकदा आमच्याकडे आणावी. चाकांच्या वेगाचे प्रमाण नव्याने नोंदवण्यासाठी सरळ रस्त्यावर एक छोटी फेरी पुरते. येताना टायरमधली हवा नेहमीच्या दाबावर असू द्यावी.