उसवायची वेळ आली तर
(विणकाम करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

गणपती झाले की आमच्या रत्नागिरीच्या दुकानात दर वर्षी एखादी तरी पिशवी येतेच. आत अर्धवट स्वेटर, वाकडी गेलेली कड, गुंता झालेला गुंडा. "ही लोकर परत घ्या, मला नाही जमत." आम्ही लोकर बाजूला ठेवतो आणि आधी टाके मोजायला बसतो. कापड एकदा चुकीचे कापले की गेले. विणकामात धागा अखंड असतो, तो उसवला तरी तेवढाच राहतो. म्हणून पिशवी माळ्यावर टाकू नका.

सगळेच उसवावे लागते असेही नाही. टाका निसटून खाली चार-पाच ओळी गेला असेल, तर क्रोशाची सुई त्यात घालून वरचा एकेक आडवा धागा ओढत सुलट बाजूने टाका वर आणा. टाके वाढत चालले असतील तर ओळीची सुरुवात पाहा. दोरा सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन दिसतात आणि आपण दोन्ही विणतो.

खरा घोटाळा मापाचा, आणि त्याला उसवण्यावाचून इलाज नाही. आपल्याकडच्या सुयांचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकन नमुन्यातली ८ नंबरची सुई मात्र ५ मिलिमीटरची असते. तेव्हा व्हिडिओ बघून विणताना नंबर विचारू नका, मिलिमीटर विचारा. सुई बरोबर असली तरी प्रत्येकीचा हात वेगळा. नमुन्यात १० सेंटीमीटरला २२ टाके आहेत आणि तुमचे २० बसतात, तर ११० टाक्यांची पाठ ५० ऐवजी ५५ सेंटीमीटर होते. माझ्या पहिल्या स्वेटरचे हेच झाले. खांद्यापर्यंत पोचल्यावर कळले आणि पाठ अख्खी उसवली. त्या दिवशी फार वाईट वाटले होते. तेव्हापासून वीतभर चौकोन विणून मोजल्याशिवाय मी टाके घालत नाही.

उसवण्याआधी, जिथवर काम बरोबर आहे त्या ओळीच्या प्रत्येक टाक्यातून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून घ्या. उसवणे तिथेच थांबते, टाके पुन्हा सुईवर घेता येतात. निघालेली लोकर कुरळी असते. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा, टॉवेलात दाबून सावलीत टांगा. पावसाळ्यात पंख्याखालीच वाळवा, कारण इथल्या दमट हवेत ओलसर ठेवलेल्या लोकरीला कुबट वास धरतो. अॅक्रिलिकवर इस्त्री फिरवू नका, धागा कायमचा मऊ लोळागोळा होतो. स्टीलच्या सुया पुसून ठेवा. पांढऱ्या लोकरीवर पडलेला गंजाचा डाग सहसा जात नाही.

गुंड्याचे लेबल जपा. लोकर कमी पडली तर त्याच लॉट नंबरची लागते, नाहीतर बाहीचा रंग निराळा दिसतो.

अडलेले काम दाखवायला पैसे नाहीत. राम आळीत बाजाराला आलात की सुया, लोकर आणि नमुना तिन्ही घेऊन या. नमुना मोबाइलवर असला तरी चालेल.