शिकायचं पुस्तक आणि शोधायचं पुस्तक

प्रोग्रॅमिंग लँग्वेजचं पुस्तक अर्ध्यात सुटतं तेव्हा खूपदा घोटाळा हाच असतो: संदर्भग्रंथ हाती धरून तो पाठ्यपुस्तकासारखा पहिल्या पानापासून वाचायला घेतलेला असतो. मुखपृष्ठावरून ओळखू येत नाही. जाडीवरून तर नाहीच.

पायथनमधल्या याद्यांचं सॉर्ट, म्हणजे यादी क्रमाने लावणं, घ्या. संदर्भग्रंथ अर्ध्या पानात उरकतो: की (key) आणि रिव्हर्स (reverse) हे दोन पर्याय, मूळ यादीच बदलते, सारख्या घटकांचा आपसातला क्रम टिकतो, रिटर्न होतं ते नन (None), म्हणजे ‘काहीच नाही’. सगळं बरोबर, पण त्या शेवटच्या ‘नन’मध्ये केवढा खड्डा आहे हे नवख्याला कसं कळणार? पाठ्यपुस्तक चार नावांची यादी देतं, सॉर्टचं उत्तर नव्या व्हेरिएबलमध्ये ठेवायला लावतं आणि ते प्रिंट करायला सांगतं. नावांऐवजी स्क्रीनवर नन उमटतं. मग नवी यादी देणारं सॉर्टेड हे वेगळं फंक्शन कशाला, ते फारसं समजावावं लागत नाही.

घेण्याआधी फंक्शनचं प्रकरण उघडा. उदाहरणांत मागे न शिकवलेली, क्लास किंवा डेकोरेटरसारखी पुढची संकल्पना डोकावत असेल, तर ते पुस्तक शिकण्यासाठी लिहिलेलं नाही. प्रकरणाच्या शेवटी स्वाध्याय नसतील तरी तेच समजा. संदर्भग्रंथाची परीक्षा मात्र मागच्या सूचीत होते: कामात अडलेले पाच शब्द तिथे शोधा. दोन-तीन सापडलेच नाहीत, तर आतला मजकूर कितीही चांगला असो, वेळेला उपयोगाचा नाही.

आवृत्ती जुनी असली तर शिकणाऱ्याला जास्त फटका बसतो. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला, तरी त्यावरची पुस्तकं अजून हातोहात फिरतात. प्रिंटपुढे कंस नसेल तर पुस्तक तिथेच मिटा. ती ओळ आजच्या पायथनमध्ये एरर तरी देते. ३ भागिले २ चं उत्तर १ छापलेलं असेल तर आज १.५ येतं आणि आपलंच काही चुकलं असं वाटत राहतं.

संदर्भग्रंथ विकत घ्यायची घाई नको, पायथनचं अधिकृत डॉक्युमेंटेशन फुकट आहे. मात्र त्यातल्या ट्युटोरियलच्या नावाला भुलू नका: ते दुसऱ्या एखाद्या लँग्वेजमध्ये हात बसलेल्यांसाठी आहे.