हाँगकाँगचा कँटोनीज सिनेमा : २००४ च्या आधी आणि नंतर

चिनी सिनेमाचा इतिहास १९०५ मध्ये बीजिंगात चित्रित झालेल्या ऑपेराप्रवेशांपासून सुरू होतो. मग १९३० च्या दशकातले शांघाय, जपानशी युद्ध, १९४९ ची कम्युनिस्ट क्रांती आणि हाँगकाँगला निघून आलेले कलावंत, हा क्रम परिचित आहे. कँटोनीज, म्हणजे हाँगकाँग आणि दक्षिण चीनच्या बोलीतल्या, बोलपटांवर संकटे मात्र पहिल्यापासूनच होती. नानजिंगमधल्या तेव्हाच्या चिनी राष्ट्रवादी सरकारने १९३६ च्या सुमारास त्यांच्यावर बंदी घालायचे ठरवले होते. १९३७ मध्ये युद्ध पेटले आणि ती बारगळली. १९७२ च्या आसपास मँडरिन, म्हणजे चीनच्या प्रमाणभाषेतल्या, चित्रपटांच्या लाटेत हाँगकाँगमधली कँटोनीज निर्मिती जवळजवळ थांबली होती. ७२ भाडेकरूंच्या एका चाळीवरच्या विनोदी चित्रपटाने १९७३ मध्ये ती पुन्हा उभी केली.

पुढची वीस वर्षे म्हणजे या सिनेमाचा खरा बहर. पटकथा पुरी होण्याआधीच तैवान आणि आग्नेय आशियातले वितरक आगाऊ पैसे देत. चित्रीकरण भर रस्त्यात चाले, संवाद नंतर डब होत, मध्यरात्रीच्या खेळाला प्रेक्षक वैतागले तर प्रदर्शनाआधी कात्री लागे. हाणामारीचा वेग सगळ्यांना दिसतो, पण खरी गोडी त्या वेगाखाली वाहणाऱ्या शहरी बोलीत आहे : कोट्या, शिव्या, बाजारातली घासाघीस. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला दोनशेहून अधिक चित्रपट निघत. मग ओहोटी लागली. १९९३ मध्ये डायनासोरचा हॉलिवूडपट तिकीटबारीवर पहिला आला, तैवानचा पैसा आटला, पायरसी वाढली आणि १९९७ चे आर्थिक संकट आले. २००३ च्या सार्स साथीत थिएटरे ओस पडली. निर्मिती कधीच शंभराच्या खाली गेली होती.

अशा अवस्थेत २९ जून २००३ रोजी चीनची मुख्य भूमी आणि हाँगकाँग यांच्यात आर्थिक भागीदारीचा करार झाला आणि १ जानेवारी २००४ पासून तो लागू झाला. या कराराने कँटोनीज सिनेमा तारला की संपवला, हा आजचा सगळा वाद त्याच्याभोवती फिरतो. तोवर हाँगकाँगचा चित्रपट चीनमध्ये परदेशी ठरे आणि आयातीच्या तुटपुंज्या कोट्यात अडके. करारानंतर सहनिर्मितीला देशी चित्रपटाचा दर्जा मिळाला. अटी होत्या : प्रमुख कलाकारांपैकी किमान एक तृतीयांश मुख्य भूमीचे आणि पटकथेला आधी मंजुरी. म्हणजे भुतांच्या गोष्टी अडचणीत आणि गुन्हेगार मोकळा सुटण्याची सोय नाही. याची चुणूक करारापूर्वीच मिळाली होती. २००२ च्या एका गाजलेल्या पोलीसपटात माफियाचा हस्तक शेवटी निसटतो. मुख्य भूमीच्या आवृत्तीत त्याला अटक होते. त्या कथेचा सगळा डंख त्या निसटण्यातच आहे.

कराराचे समर्थक म्हणतात की धंदा बुडालाच होता, करार नसता तर स्टुडिओंना टाळे लागले असते. हे खोटे नाही. मोठे ऐतिहासिक आणि युद्धपट त्याच पैशावर उभे राहिले, शेकडो तंत्रज्ञांच्या घरी चूल पेटली. पण नामवंत दिग्दर्शक एकामागून एक बीजिंगला गेले, कथा मँडरिनमध्ये घडू लागल्या आणि ज्या रस्त्यांनी हा सिनेमा घडवला ते पडद्यावरून नाहीसे झाले. बाजारपेठ मिळवताना एवढी किंमत मोजायला नको होती.

हाँगकाँगातच उरलेल्यांनी छोटे बजेट पत्करले. २०१३ पासून पदार्पणाच्या चित्रपटांसाठी सरकारी अनुदानाची स्पर्धा सुरू झाली. २०१५ मध्ये जेमतेम पाच लाख हाँगकाँग डॉलरमध्ये पाच कथांचा एक चित्रपट बनला. शहराचे भविष्य काय, हा त्याचा विषय होता. पुढच्या वर्षी हाँगकाँगच्या चित्रपट पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार मिळाला, आणि मुख्य भूमीवर तो सोहळा दाखवला गेला नाही. २७ ऑक्टोबर २०२१ च्या सेन्सॉर दुरुस्तीने आधी संमत झालेल्या चित्रपटांची परवानगीही राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने काढून घेता येते. विनापरवाना प्रदर्शनाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आहे.

तरीही २०२३ मध्ये एका कँटोनीज न्यायालयीन नाट्याने एकट्या हाँगकाँगात दहा कोटी हाँगकाँग डॉलरचा टप्पा ओलांडला. पुढच्याच वर्षी ताओवादी अंत्यविधी करणाऱ्या कुटुंबावरचा चित्रपट पंधरा कोटींच्या पुढे गेला.