जैवडीझेल

वनस्पती तेल किंवा प्राण्यांची चरबी यांची मिथेनॉलाशी (क्वचित एथॅनॉलाशी) रासायनिक विक्रिया घडवून मिळणारे, डीझेल एंजिनात चालणारे इंधन. रासायनिक दृष्ट्या ते मुख्यतः मेदाम्लांच्या (तेल-चरबीतील अम्लांच्या) मिथिल एस्टरांचे, म्हणजे अम्ल व मिथेनॉल जोडून बनलेल्या संयुगांचे, मिश्रण असते. शुद्ध जैवडीझेलास बी-१०० म्हणतात. खनिज डीझेलात ते ५ किंवा २० टक्के मिसळले, तर त्या मिश्रणांना अनुक्रमे बी-५ व बी-२० म्हणतात. टाकीत नुसते तेल ओतणे आणि जैवडीझेल वापरणे या वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत झाल्याने या इंधनाचा इतिहास बराच गढूळ झाला आहे.

उगम : डीझेल एंजिनाचे जनक रूडॉल्फ डीझेल यांनी आपले एंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठी बनवले आणि १० ऑगस्ट १८९३ रोजी ते त्या तेलावर चालवून दाखवले, असे अनेक ठिकाणी लिहिलेले आढळते. १० ऑगस्टला पाळल्या जाणाऱ्या जागतिक जैवइंधन दिनामागेही हीच समजूत आहे. मात्र जर्मनीतील आउग्सबुर्क येथील त्या दिवसाच्या चाचणीत खनिज इंधनच होते, असे मानण्यास अधिक आधार आहे. शेंगदाणा तेलाची हकीकत १९०० च्या पॅरिस प्रदर्शनातील असून डीझेल यांनीच ती १९१२ च्या सुमारास नोंदवली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे ऑटो कंपनीने फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून एक लहान एंजिन या तेलावर चालवले. एंजिन खनिज तेलासाठी घडवलेले होते, त्यात काहीही फेरबदल केला नव्हता, तरी ते इतके सुरळीत चालले की फरक फार थोड्यांच्या लक्षात आला. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग मुबलक असल्याने फ्रेंच सरकारला त्यात रस होता. म्हणजे कल्पनेचे श्रेय केवळ डीझेल यांना देता येत नाही. शिवाय तेथे वापरले ते तेल होते, जैवडीझेल नव्हे.

काही लेखक उगम १८५३ पर्यंत मागे नेतात. तेलाच्या एस्टर-विनिमयाचे (तेलाची अल्कोहॉलाशी विक्रिया करून ग्लिसरीन वेगळे करण्याचे) प्रयोग तेव्हा झाले होते. पण त्या काळी डीझेल एंजिनच नव्हते, त्यामुळे हे मत स्वीकारणे कठीण आहे. आजच्या अर्थाने जैवडीझेलाचा पहिला स्पष्ट दाखला ३१ ऑगस्ट १९३७ च्या बेल्जियन पेटंटात (क्र. ४२२८७७) मिळतो. ब्रुसेल्स विद्यापीठातील शव्हान यांनी त्यात पाम तेलाच्या एथिल एस्टरांचा इंधन म्हणून वापर सांगितला आहे. पुढच्याच वर्षी ब्रुसेल्स-लूव्हाँ मार्गावर असे इंधन घातलेली बस धावली. युद्धोत्तर स्वस्त खनिज तेलामुळे हा विषय मागे पडला. १९७० नंतरच्या तेलटंचाईनंतर दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रिया येथे तो पुन्हा हाती घेण्यात आला.

निर्मिती : वनस्पती तेलाची श्यानता (दाटपणा) ४० अंश सेल्सिअसला साधारण ३० ते ४० चौ. मिमी. प्रतिसेकंद, म्हणजे डीझेलच्या दसपट असते. त्यामुळे इंजेक्टरातून तुषार नीट उडत नाहीत, काजळीचे थर साचतात आणि वंगण दाट होते. तेल थोडा वेळ चालते, पण पुढे एंजिन बिघडते. एस्टर-विनिमयाने श्यानता ४-५ पर्यंत उतरते. ढोबळमानाने १०० किग्रॅ. तेल व सुमारे ११ किग्रॅ. मिथेनॉल यांपासून १०० किग्रॅ. जैवडीझेल व १० ते ११ किग्रॅ. ग्लिसरीन मिळते. सोडियम किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड उत्प्रेरक म्हणून वापरतात. तेलात मुक्त मेदाम्ले सुमारे १ टक्क्याहून अधिक असली, तर उत्प्रेरकाशी त्यांचा साबण होतो व ग्लिसरीन वेगळे करणे अवघड जाते. करंज, मोगली एरंड (जट्रोफा) आणि तळणीचे तेल यांत हीच अडचण येते. म्हणून आधी अम्लाच्या साहाय्याने एक वेगळी विक्रिया करावी लागते व खर्च वाढतो.

वाहनातील वापर : जैवडीझेलात गंधक जवळजवळ नसते, ते वंगणासारखे काम करते आणि १०० अंशांखाली सहसा पेट घेत नाही. त्याची ऊर्जा लिटरमागे सुमारे ८ टक्के कमी भरते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २००२ मधील विश्लेषणानुसार बी-२० मुळे धुरातील कण सुमारे १० टक्के व कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटतात, तर नायट्रोजन ऑक्साइडे २ टक्के वाढतात. थंडीत जैवडीझेल गोठू लागते. पाम तेलाचे जैवडीझेल १५ अंशांच्या आसपासच गढूळ होते. कोणतेही जैवडीझेल फार दिवस साठवता येत नाही. जुन्या टाकीतील गाळ ते सोडवते, त्यामुळे सुरुवातीला फिल्टर तुंबतो. बीएस-६ या नव्या प्रदूषण मानकाच्या वाहनांत काजळीचा सापळा (धुरातील काजळी अडवणारा फिल्टर) जाळून साफ करताना न जळलेले जैवडीझेल वंगणात उतरते. भारतीय डीझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंतच मिश्रणास मुभा आहे.

भारतातील अनुभव : नियोजन आयोगाच्या समितीने २००३ मध्ये मोगली एरंडाच्या व्यापक लागवडीची शिफारस केली. त्याआधी ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी एक्सप्रेस ५ टक्के मिश्रणावर चालवून पाहण्यात आली होती. १ जानेवारी २००६ पासून जैवडीझेलाचा ठरावीक खरेदीदर लागू झाला. उत्पादनखर्च त्याहून अधिक असल्याने खरेदी नगण्य राहिली. पडीक जमिनीत पाण्याविना मोगली एरंडाचे झाड जगते, पण बी फारसे धरत नाही. फळे एकदम पिकत नाहीत म्हणून हातानेच वेचावी लागतात. पेंड विषारी असल्याने गुरांना घालता येत नाही. या गोष्टी लागवडीपूर्वी तपासल्या असत्या, तर अनेक शेतकऱ्यांची वर्षे वाया गेली नसती. २००९ च्या धोरणातील २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य २०१८ च्या धोरणात २०३० पर्यंत ५ टक्के असे खाली आले.

हे ५ टक्केही सोपे नाहीत. देशात वर्षाला सुमारे ९ कोटी टन डीझेल खपते, म्हणजे जैवडीझेल ४५ लाख टन लागेल. हेक्टरी १ टन तेल असा उदार हिशेब धरला, तरी महाराष्ट्रातील सोयाबीनच्या क्षेत्राएवढी जमीन त्यासाठी अडकेल. आणि खाद्यतेलाची निम्म्याहून अधिक गरज तर देश आयातीवरच भागवतो. इंडोनेशियाने २०२५ मध्ये ४० टक्के मिश्रण सक्तीचे केले, कारण पाम तेल त्याच्या घरचे आहे. तेथील जंगलतोडीचा प्रश्न मात्र त्यामुळे अधिक तीव्र झाला आहे.

सध्या भारतात भर आहे तो वापरलेल्या तळणीच्या तेलावर. तेलातील ध्रुवीय संयुगे (वारंवार तापवल्याने तयार होणारे पदार्थ) २५ टक्क्यांवर गेल्यास ते अन्नासाठी वापरण्यास १ जुलै २०१८ पासून बंदी आहे. असे तेल उपाहारगृहांकडून गोळा करून जैवडीझेलाच्या कारखान्यांकडे वळवले जाते. हातगाड्यांवरचे आणि घरोघरचे थोडेथोडे तेल जमा करणे हे यातले सर्वांत अवघड काम आहे.