आलेच हिमनदी

आलेच हिमनदी : आल्प्समधील सर्वांत मोठी हिमनदी. ती स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात युंगफ्राउ शिखराच्या दक्षिणेस असून तिची लांबी सुमारे २० किमी. व क्षेत्रफळ सुमारे ८० चौ. किमी. आहे. वरच्या हिमक्षेत्रांतून आलेले प्रवाह कॉन्कॉर्डियाप्लाट्स येथे मिळतात. तेथे बर्फ सुमारे ८०० मी. जाड आहे. खाली दिसणारे दोन काळे पट्टे म्हणजे मध्य हिमोढ. प्रवाहांच्या कडेची दगडमाती संगमानंतर मधोमध येऊन ते बनतात. वितळलेले पाणी मासा नदीतून रोन नदीला मिळते.

१८६० च्या सुमारास हिमनदी सर्वांत लांब होती; तेव्हापासून तिचे मुख ३ किमी.हून अधिक मागे सरले. मात्र एवढ्या मोठ्या हिमनदीत हा आकडा फसवा ठरतो. वरचा बदल मुखापर्यंत पोहोचायला अनेक दशके लागतात, त्यामुळे मुखावरून मागच्या पिढीचे हवामान कळते. एका वर्षाचा जमाखर्च कळायला वस्तुमान संतुलनच, म्हणजे वर्षभरात साचलेले हिम आणि वितळून गेलेला बर्फ यांतील फरक, मोजावे लागते.

वितळण सुरू होण्यापूर्वी, वसंतात, सळई खुपसून हिमाची खोली आणि खड्डा खणून घनता मोजतात. घनता दर घनमीटरला ४०० किग्रॅ. असेल, तर २ मी. हिम म्हणजे ८०० मिमी. पाणी. उंचावर सळई गेल्या वर्षीच्या भुसभुशीत थरात शिरते आणि साचलेल्या हिमाचा आकडा फुगतो, म्हणून खड्ड्याला पर्याय नाही. खालच्या भागात वाफेने भोक पाडून त्यात खांब उभे करतात आणि सप्टेंबरअखेर त्यांचा उघडा पडलेला भाग मोजतात : ५ मी. बर्फ गेला असेल, तर सुमारे ४·५ मी. पाणी. भोक उथळ राहिले, तर खांब उन्हाळ्यातच आडवा होतो आणि त्या जागेची वर्षाची नोंद बुडते. खांब प्रवाहाबरोबर खाली वाहत जातो. तो वेळोवेळी मूळ जागी रोवला नाही, तर वेगळ्याच उंचीचे मोजमाप हाती येते. येथील युंगफ्राउफिर्न भागात १९१८ पासून अशी मोजणी चालू आहे. २०२२ आणि २०२३ या दोन वर्षांत मिळून स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांचे सुमारे १०% घनफळ नष्ट झाले.

पूर्वी भीती उलट होती. हिमनदी वाढू नये म्हणून जवळच्या फीश गावातील लोकांनी १६७८ मध्ये नवस केला होता. आता ती आटू नये अशी प्रार्थना करण्यास व्हॅटिकनने २०१० मध्ये अनुमती दिली.

बर्फाचा आधार गेल्याने काठही अस्थिर होतात. मूसफ्लू येथील डोंगरउतार २०१६ च्या शरदात वेगाने सरकू लागला, खडकांत भेगा पडल्या आणि काही पायवाटा बंद कराव्या लागल्या. तेथील रोपवेचे वरचे स्थानक गरजेनुसार हलवता येईल अशा बेताने बांधलेले आहे.