पिशवी नाही, फक्त तिच्या तोंडाचा शंकू

"म्हणजे पिशवी काढणार का हो?" सोलापुरात विडी वळणाऱ्या एका मावशींनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवत मला विचारलं. हातातल्या कागदावर 'कोनायझेशन' लिहिलेलं होतं. अंगावरून पांढरं जातंय म्हटलं की इथे बाईला आधी पिशवीचीच धास्ती. मावशी, पिशवी जागच्या जागी राहते. निघतो तो तिच्या तोंडाचा, म्हणजे गर्भाशयमुखाचा, छोटा तुकडा.

टोमॅटोचा देठ काढताना सुरीचं टोक तिरकं धरून गोल फिरवतो ना, तसंच. तुकडा शंकूसारखा घ्यायला कारण आहे. गर्भाशयमुखाच्या बाहेरच्या चपट्या पेशी आणि आतल्या उभट पेशी जिथे भेटतात, तिथेच एचपीव्ही विषाणूमुळे कर्करोगाआधीचे बदल सुरू होतात. वय वाढेल तशी ही सीमा आत सरकते. म्हणून बाहेरून रुंद, आत निमुळता.

पोटावर चीर नसते. कमरेत किंवा पूर्ण भूल देतात. आयोडीन लावलं की निरोगी भाग गडद तपकिरी होतो, बिघडलेला बहुधा पिवळट राहतो. त्याच्या कडेने सुरी फिरते, रक्त थांबवतात, साधारण अर्ध्या तासात काम होतं. विजेच्या तारेच्या कड्यानेही हे करतात, तेव्हा बहुतेकदा जागेवरची भूल पुरते.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक दोरा. घड्याळातल्या बाराच्या जागी तुकड्याला टाका घालून मगच तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत जातो. सूक्ष्मदर्शकाखाली एखाद्या कडेला दोष दिसला, तर तो नेमका कुठल्या बाजूला राहिलाय हे त्या दोऱ्यामुळे कळतं.

नंतर काही आठवडे तपकिरी, पाणचट स्राव जातो. चार ते सहा आठवडे शरीरसंबंध नको. रक्त जास्त गेलं, ताप आला किंवा घाण वास आला तर थेट दवाखाना गाठायचा. पुढे दिवस राहिले तर ही शस्त्रक्रिया झाल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण लवकर बाळंत होण्याची शक्यता थोडी वाढते.

हे बदल वेळेत सापडायला हवेत, आणि त्याचा पुरावा आपल्या शेजारचाच आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, अशी तपासणी न केलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्म्यावर आले.

मावशींच्या रिपोर्टात 'कडा मोकळ्या' असं आलं, म्हणजे तुकड्याच्या कडेला दोष नाही. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख त्यांनी सुपाच्या मागे खडूने लिहून ठेवली आहे.